पंपाआधी तार मोजली : ऑक्टेव्हिया आरएससाठी घेतलेल्या इंधन-संचाचे परीक्षण

माझी स्कोडा ऑक्टेव्हिया आरएस २००५ सालची आहे. संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याच्या कारखान्यात जुळणी झालेल्या या गाडीत १७८१ सीसीचे, दर सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह असलेले टर्बो पेट्रोल इंजिन आहे आणि कंपनीने दिलेली तिची ताकद १५० अश्वशक्ती होती. दोन वर्षांपूर्वी मी मोठा इंटरकूलर (टर्बोची हवा थंड करणारा भाग) बसवून ईसीयूचा, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाचा, मॅप बदलून घेतला आणि ती साधारण २०० पर्यंत नेली. त्यानंतर जे व्हायचे तेच झाले. तिसऱ्या गिअरमध्ये ४५०० फेऱ्यांच्या पुढे दाब दिला की वाइडबँड मीटरवरचा लॅम्डा ०.८२ वरून हळूहळू ०.९३ पर्यंत चढू लागला. लॅम्डा हा हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा आकडा, तो वाढला म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी झाले. टर्बोच्या पूर्ण दाबाखाली इंजिनाला पेट्रोल कमी पडते तेव्हा सिलिंडरातील तापमान वाढते, ठोके पडू लागतात आणि पुढचा खर्च पिस्टनचा असतो. त्यामुळे त्या दिवसापासून मी गाडी जोरात चालवणे बंद केले आणि इंधन-संचाच्या शोधाला लागलो.

शेवटी परगावच्या एका विक्रेत्याकडून ४१,००० रुपयांचा तयार संच मागवला. त्यात वॉल्ब्रोचा तासाला २५५ लिटर क्षमतेचा टाकीतला पंप, बॉशचे चार इंजेक्टर, एक फिल्टर, रिलेसह तारांचा जोड, टाकीत वापरायची नळी आणि क्लिपा असे सामान आले. विक्रेत्याचे नाव मी येथे देत नाही, कारण ज्या उणिवा पुढे सांगणार आहे त्या अशा बहुतेक तयार संचांत दिसतात आणि नाव दिल्याने वाचणाऱ्याचे लक्ष भलतीकडेच जाईल. संच बसवून आता पाच महिने आणि साडेतीन हजार किलोमीटर झाले आहेत, म्हणून आता लिहिणे योग्य वाटते.

माझा रोजचा व्यवसाय ट्रान्सफॉर्मरच्या चाचण्यांचा आहे. बडोद्यात हे काम करणारी माणसे गल्लोगल्ली भेटतात आणि त्यांना एक सवय असते : वस्तू बदलण्याआधी ती मोजायची. म्हणून खोके आल्यावर ते उघडण्याआधी मी जुन्या पंपाची परीक्षा घ्यायचे ठरवले, आणि या साऱ्या कामात माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाची गोष्ट तीच ठरली.

आधी गरज किती ते पाहू. टर्बो पेट्रोल इंजिनाला पूर्ण जोरात दर अश्वशक्तीमागे तासाला साधारण २७० ग्रॅम पेट्रोल लागते असे धरून चालतात. २०० अश्वशक्तीला हे ५४ किलो होतात, म्हणजे जवळजवळ ७३ लिटर. त्यात आता आपल्याकडच्या पंपांवर मिळणारे ई-२० पेट्रोल धरावे लागते. शुद्ध पेट्रोलचा एक भाग पूर्ण जळायला हवेचे १४.७ भाग लागतात. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन आधीच असल्यामुळे त्याला ९ भाग पुरतात आणि वीस टक्के मिश्रणासाठी हा आकडा साधारण १३.५ वर येतो. हवा तेवढीच असताना पेट्रोल सुमारे आठ टक्के जास्त ओतावे लागते, असा त्याचा अर्थ. म्हणजे माझ्या गाडीची गरज तासाला ८० लिटरच्या आसपास आहे, आणि तीही साध्या दाबाला नव्हे. या गाडीच्या रेलवरचा, म्हणजे इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीवरचा, दाब-रेग्युलेटर इनटेक मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या मार्गाच्या) दाबाशी नळीने जोडलेला असतो, त्यामुळे टर्बोचा दाब एक बार झाला की रेलमधला दाब तीनवरून चार बारवर जातो. पंपाला ऐन गरजेच्या वेळी जास्त दाबाविरुद्ध जास्त पेट्रोल ढकलावे लागते.

आता मोजणी. रेग्युलेटरकडून टाकीकडे परत जाणारी नळी सोडवून ती एका धातूच्या डब्यात घातली, डबा तारेने गाडीच्या चासीला जोडला, बॅटरीला जोडलेला चार्जर दूर अंगणाच्या टोकाला ठेवून १३.५ व्होल्ट कायम राखले आणि इंजिन बंद ठेवून पंप बरोबर ३० सेकंद चालवला. डब्यात ६२० मिलिलिटर पेट्रोल जमा झाले. तासाला ७४ लिटर, तेही फक्त तीन बारला. पंप गेला, असे कोणीही म्हटले असते. पण त्याच वेळी पंपाच्या जोडणीवर मल्टिमीटर लावला होता आणि तो ११.४ व्होल्ट दाखवत होता. बॅटरीपासून पंपापर्यंत येताना दोन व्होल्टहून अधिक वाटेतच खर्च होत होते : वीस वर्षे जुनी बारीक तार, काळवंडलेले कनेक्टर आणि मागच्या सीटखाली गंजलेली अर्थिंगची जागा. मग त्याच जुन्या पंपाला जाड तारेने थेट १३.५ व्होल्ट दिले आणि पुन्हा ३० सेकंद मोजले. या वेळी ८४० मिलिलिटर आले, म्हणजे तासाला १०० लिटर.

हा आकडा मी दोनदा तपासला. ज्या पंपाला मी निकामी समजत होतो त्याचा एक मोठा दोष पंपात नव्हताच. चार बारच्या दाबाखाली आणि एवढ्या वयात तो भरवशाचा राहिला नसता, म्हणून मी तो बदललाच, पण ज्यांची गाडी अजून मूळ ताकदीची आहे आणि ज्यांना केवळ वरच्या फेऱ्यांत अडखळ जाणवते, त्यांनी ४१,००० रुपये खर्च करण्याआधी मल्टिमीटर घेऊन मागच्या सीटखाली दहा मिनिटे बसावे. कदाचित त्यांचे काम हजार-बाराशे रुपयांच्या तारेत आणि रिलेत होईल.

यावरून संचातील पंपाबद्दलचे माझे मत समजेल. वॉल्ब्रोचा पंप उत्तम आहे. मिळालेला नग अस्सल होता, त्यावरची कोरीव खूण स्वच्छ होती आणि टर्मिनल घट्ट होती. या पंपाच्या नकला बाजारात बऱ्याच फिरतात, म्हणून अर्ध्या किमतीत मिळणाऱ्या पंपाच्या मोहात कोणी पडू नये. बसवल्यावर त्याच कसोटीत त्याने ३० सेकंदांत १.८५ लिटर दिले, म्हणजे तासाला २२२ लिटर. पण माझी गरज ८० लिटरची आहे. उरलेले सारे पेट्रोल रेलपर्यंत जाऊन, इंजिनाच्या उष्णतेने तापून परत टाकीत येते, आणि पंपाची मोटरही जास्त करंट घेऊन त्यात आपली उष्णता मिसळते. शिवाय परतीची नळी एवढ्या प्रवाहासाठी केलेली नाही. मॅनिफोल्डची नळी काढून मोजला तेव्हा रेलमधला दाब आधी ३.० बार होता, नव्या पंपानंतर तो ३.२ झाला, कारण रेग्युलेटर पूर्ण उघडूनही सगळे पेट्रोल परत सोडू शकत नाही. ०.२ बारने इंजेक्टरमधून साधारण तीन टक्के जास्त पेट्रोल जाते. ट्यूनरने ते मॅपमध्ये सांभाळून घेतले, पण ज्याला मॅप बदलायचाच नाही त्याची गाडी विनाकारण पेट्रोल जास्त पिईल. २०० अश्वशक्तीच्या गाडीसाठी विक्रेत्याने याहून लहान पंप द्यायला हवा होता, असे माझे स्पष्ट मत आहे. मे महिन्यात बडोद्याच्या बेचाळीस अंशांच्या दुपारी टाकीत पाव भागापेक्षा कमी पेट्रोल असले की मागच्या सीटखालून पंपाची घरघर स्पष्ट ऐकू येते. त्यामुळे उन्हाळ्यात मी टाकी अर्ध्याखाली जाऊ देत नाही.

इंजेक्टरांविषयी मात्र माझी खरी तक्रार आहे. त्यांच्या पुडीवर फक्त ४४० असे लिहिले होते. मिनिटाला ४४० मिलिलिटर, पण किती दाबाला? इंजेक्टरचा प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो, म्हणून चार बारला ४४० देणारा इंजेक्टर तीन बारला फक्त ३८० देतो. माझी गरज मिनिटाला साधारण ४१० मिलिलिटरची निघते : तासाचे ७३ लिटर चार इंजेक्टरांत वाटायचे, इंजेक्टर ८० टक्क्यांहून अधिक वेळ उघडा राहू नये असे धरायचे आणि वर ई-२० चे आठ टक्के मिळवायचे. म्हणजे त्या पुडीवर न छापलेल्या एका आकड्यावर हे इंजेक्टर मला पुरणार की नाही हे अवलंबून होते. विक्रेत्याला फोन केला तर उत्तर मिळाले, "साहेब, सगळे हेच लावतात." एवढी किंमत मोजणाऱ्या ग्राहकाला हे उत्तर देणे योग्य नाही.

शेवटी मकरपुरा जीआयडीसीजवळ इंजेक्टर तपासणीचा बेंच असलेल्या एका दुकानात चारही घेऊन गेलो. काचेच्या चार उभ्या नळ्या, वर इंजेक्टर आणि खाली दिवा, अशी ती रचना असते. कारागिराने दाब तीन बारवर स्थिर केला आणि चारही फवारे एकदम सुरू केले. फवारा धुक्यासारखा बारीक आणि शंकूच्या आकाराचा होता, कुठेही धार किंवा थेंब नव्हता. मिनिटाअखेर नळ्यांमधले आकडे ४३८, ४४१, ४३३ आणि ४४० असे होते. म्हणजे वस्तू चांगली निघाली, चौघांतला फरक दोन टक्क्यांच्या आत राहिला आणि ते मला पुरणारे आहेत हे सिद्ध झाले. त्या कारागिराने प्रवाहासोबत बंद अवस्थेतली गळतीही न सांगता तपासली आणि आकडे कागदावर लिहून दिले. हा कागद ट्यूनरला फार उपयोगी पडला. ईसीयूला इंजेक्टरचा प्रवाह आणि वीज मिळाल्यापासून तो प्रत्यक्ष उघडेपर्यंत लागणारा वेळ, हे दोन्ही सांगावे लागतात. हा वेळ व्होल्टेजप्रमाणे बदलतो आणि तो चुकला की आयडलवर गाडी नाचते. ही माहितीही संचासोबत छापून यायला हवी होती.

संचातील सर्वांत दुबळ्या दोन वस्तू तार आणि नळी या आहेत. तारेचे आवरण जाड होते, त्यामुळे ती बाहेरून भक्कम दिसत होती, पण सोलून पाहिल्यावर आतले तांबे दीड चौरस मिलिमीटरचे निघाले. पाच मीटर लांबीत दहा अँपिअरला अशा तारेत ०.६ व्होल्ट जातात. फ्यूजचा होल्डर रिलेजवळ, म्हणजे बॅटरीपासून सव्वा मीटरवर होता. बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधली तार कुठे घासून चासीला लागली तर तिला वाचवणारे काहीच नसते, म्हणून फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर असायला हवा. मी तो जोड बाजूला ठेवला आणि चार चौरस मिलिमीटरची तार, नीट दाबून बसवलेली थिंबल, बॅटरीलगत फ्यूज आणि मागे सीटखाली घासून स्वच्छ केलेल्या पत्र्यावर नवी अर्थिंग, अशी जोडणी स्वतः केली. रिलेला चालना देण्यासाठी मात्र पंपाची मूळ तारच वापरली. इंजिन बंद पडले की ईसीयू पंप बंद करतो. अपघातात पेट्रोल सांडत राहू नये यासाठी कंपनीने दिलेली ती सोय असते आणि थेट बॅटरीवरून पंप जोडणारे ती नकळत काढून टाकतात. आता बॅटरीवर १३.५ असताना पंपावर १३.१ व्होल्ट मिळतात.

नळीची गोष्ट अधिक गंभीर आहे. इंधनाची साधी रबरी नळी आतून पेट्रोल सहन करते, बाहेरून नाही. टाकीत ती सर्व बाजूंनी पेट्रोलमध्ये बुडलेली असते, तेव्हा बाहेरचा थर फुगतो, मऊ होतो आणि शेवटी क्लिपेखालून सुटतो. टाकीत बुडवून वापरण्यासाठी एसएई जे३० आर१० या मानकाची वेगळी नळी मिळते आणि त्या मानकाचे नाव नळीवरच छापलेले असते. संचातल्या नळीवर तसे काही नव्हते. मी तिचा दोन इंच तुकडा कापून, ई-२० पेट्रोल भरलेल्या काचेच्या बरणीत टाकून अंगणातल्या सावलीत ठेवला. आठ दिवसांनी काढला तेव्हा तो बोटांत शेवेच्या पिठासारखा दबत होता आणि पेट्रोलला काळसर झाक आली होती. हा तुकडा टाकीत असता तर ती काळी भुकटी फिल्टरमधून गेली असती आणि काही महिन्यांनी नळी सुटून गाडी रस्त्यात थांबली असती. योग्य नळी मी वेगळी मागवली. सोबतच्या दातेरी जुबली क्लिपाही बाजूला ठेवून, गोल कडांच्या, नळी न कापणाऱ्या क्लिपा लावल्या.

प्रत्यक्ष बसवण्याचे काम जानेवारीत केले. उत्तरायणाची सुटी हाताशी होती, पण त्या दोन रात्री कारेलीबागेत आकाशकंदील उडतात आणि विझण्याआधीच कुणाच्याही अंगणात उतरतात, म्हणून मी पुढच्या रविवारपर्यंत थांबलो आणि सकाळी लवकर सुरू करून उजेड असतानाच आटोपले. आमच्या शेजारचे काका कोयलीच्या रिफायनरीतून निवृत्त झालेले आहेत. मागच्या सीटखालचे झाकण उघडल्यावर पाच मिनिटांत ते कुंपणापाशी आले. "अरे, चारही दारं उघड आधी, डिकी पण उघड. बाष्प जड असतं, ते खाली साचतं, नाकाला कळत नाही," असे म्हणून त्यांनी मला बाजूला केले आणि गाडी मोकळी होईपर्यंत पंधरा मिनिटे काम थांबवायला लावले. त्यांचे म्हणणे पूर्णपणे खरे आहे. पेट्रोलचे बाष्प हवेपेक्षा जड असते आणि शून्याखाली चाळीस अंशांनाही ते पेट घेऊ शकते, त्यामुळे थंडीचे दिवस आहेत म्हणून निर्धास्त राहता येत नाही. बॅटरीची ऋण तार काढून ठेवणे, आधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडू देऊन नळ्यांमधला दाब उतरवणे, कोरड्या पावडरचा अग्निशामक हाताच्या अंतरावर ठेवणे आणि टाकी पाव भागापेक्षा कमी भरलेली असणे, या गोष्टींची पूर्वतयारी नसेल तर हे काम घरी करू नये. बंद गॅरेजमध्ये तर मुळीच करू नये.

टाकीच्या तोंडावरची प्लॅस्टिकची मोठी रिंग सोडवायला लोखंडी छिन्नी आणि हातोडी वापरणारे मी पाहिले आहेत. मी लाकडाचा ठोकळा वापरला, रिंग दोन-तीन ठोक्यांत फिरली. रिंगेखालचे रबरी सील एकदा निघाले की फुगते आणि परत खाचेत बसत नाही, म्हणून नवे हाताशी ठेवावे. संचात ते नव्हते. पंपाचा सांगाडा परत आत उतरवताना माझ्याकडून पेट्रोलच्या पातळीचा दांडा किंचित वाकला आणि काटा भरल्या टाकीला पाऊणच दाखवू लागला. सांगाडा पुन्हा काढून तो सरळ करावा लागला, त्यात दीड तास गेला. इंजेक्टर बसवणे त्या मानाने सोपे होते. ओ-रिंगांना थोडे इंजिन ऑइल लावून ते हातानेच दाबून बसले, आणि इंजिन सुरू करण्याआधी फक्त चावी फिरवून पंप चार-पाचदा चालवून प्रत्येक जोडाखाली कोरडा कागद फिरवला. कागद कोरडाच राहिला.

नवा मॅप ट्यूनरने लिहिला. हालोल रस्त्यावर पहाटे, दुसऱ्या गिअरमध्ये, मित्राला लॅपटॉप घेऊन शेजारी बसवून नोंदी घेतल्या. लॅम्डा आता सुरुवातीपासून ६००० फेऱ्यांपर्यंत ०.८१ ते ०.८३ मध्ये राहतो आणि इंजेक्टर जास्तीत जास्त ७६ टक्के वेळ उघडे असतात. ज्यांच्या मीटरवर लॅम्डाऐवजी हवा-पेट्रोलचे प्रमाण दिसते त्यांनी एक लक्षात ठेवावे की तो आकडा मीटर लॅम्डाला १४.७ ने गुणून दाखवतो. ई-२० भरलेले असताना तो आकडा खरे प्रमाण नसतो, पण जास्त-कमी ओळखायला चालतो. गाडी शहरात पूर्वीसारखीच शांत चालते, सकाळी पहिल्या फिरकीत सुरू होते आणि प्रदूषण तपासणीतही पास झाली. इंजिनातले असे बदल करण्याआधी मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम वाचावे आणि विमा कंपनीला लेखी कळवावे. मी कळवले आहे.

परीक्षण लिहिण्याआधी मी विक्रेत्याला बरणीतल्या नळीचे आणि सोललेल्या तारेचे फोटो पाठवून सविस्तर पत्र लिहिले होते. तीन आठवड्यांनी एक पार्सल आले. त्यात एक फूट नळी होती आणि तिच्यावर या वेळी आर१० छापलेले होते. तारेबद्दल आणि इंजेक्टरच्या दाबाबद्दल अजून काही उत्तर नाही. नव्या नळीचा तुकडाही मी बरणीत टाकून ठेवला आहे. आज त्याला अकरा दिवस झाले, तो घट्ट आहे आणि पेट्रोल स्वच्छ आहे.